भूमिगत संपत्तीचा घसारा कोणी भरावयाचा?

31 मार्च 2023 पासून मुंबई शहर व उपनगरांत 15 टक्के पाणीकपात लागू झाली. पावसाने ओढ दिली म्हणून ही कपात आली नव्हती. ठाण्यात एका खासगी कूपनलिकेचे खोदकाम चालू असता, भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणाऱ्या भूमिगत बोगद्याला इजा पोहोचली आणि मोठी गळती सुरू झाली. साडेपाच मीटर व्यासाच्या व सुमारे 15 किलोमीटर लांबीच्या या एका बोगद्यातून मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे 75 टक्के पाणी येते. तो बंद ठेवून दुरुस्त करण्यासाठी महापालिकेने 30 दिवसांची मुदत जाहीर केली. पुढे दुरुस्ती पार पडली, कपात उठली आणि नित्याप्रमाणे विषय विस्मृतीत गेला. वस्तुतः विचाराला आरंभ येथूनच व्हावयास हवा होता.

वरील आकड्यांतील तफावत ध्यानात घेण्यासारखी आहे. पाऊणभर पाणी आणणारा मार्ग बंद झाला, परंतु कपात 15 टक्क्यांवरच थांबली. कारण पर्यायी जलवाहिन्यांतून पाणी वळविता आले. नवा बोगदा आला म्हणून जुना मार्ग मोडीत काढला असता, तर दुरुस्तीचा विचारही करणे कठीण होते. ज्या बोगद्याला पर्याय नाही तो बंद करता येत नाही. जो बंद करता येत नाही तो आतून नीट तपासता येत नाही. आणि जो तपासता येत नाही त्याचे वार्धक्य गळतीवाचून कळत नाही.

न्यूयॉर्कचा धडा

ठाण्यातील बोगदा तुलनेने नवा. बोगदा जुना झाला म्हणजे काय ओढवते, हे न्यूयॉर्कच्या उदाहरणावरून दिसते. त्या शहराचे सुमारे निम्मे पाणी डेलावेअर जलबोगद्यातून येते. 137 किलोमीटर लांबीचा हा बोगदा 1944 साली वापरात आला. तो गळत असल्याचे 1990 च्या सुमारास लक्षात आले. गळती दिवसाला 13 कोटी लिटरपर्यंत होती. जेथे बोगदा चुनखडकाच्या भेगाळलेल्या थरांतून जातो, तेथेच त्याचे अस्तर तडकले होते. तो रिकामा करावा, तर आतील पाण्याचा दाब नाहीसा होऊन अस्तरच ढासळेल की काय, अशी धास्ती होती.

अखेर हडसन नदीखालून सुमारे चार किलोमीटरचा पर्यायी बोगदा 2019 पर्यंत खोदण्यात आला. जोडणीसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये जुना बोगदा बंद केला, तोच अवर्षण आले. नोव्हेंबरमध्ये काम थांबवून तो पुन्हा सुरू करावा लागला. दुरुस्तीची संधी सुबत्तेच्या वर्षीच साधावयाची असते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

या काळात वावरसिंग या गावातील रहिवाशांची तळघरे वर्षानुवर्षे पाण्याने भरत होती. ते पाणी पिणारे लोक दूर महानगरात. शेवटी काही घरे विकत घेण्याची योजना शासनाला आखावी लागली. बोगद्यावर राहणारा एक आणि त्यातले पाणी पिणारा दुसरा, ही विसंगती ठाण्यातही आहेच. पाणी मुंबईचे आणि बोगद्यावरची वस्ती मात्र दुसऱ्या महापालिकेच्या हद्दीत.

खर्च टळत नाही

अर्थशास्त्राच्या भाषेत हा घसाऱ्याचा प्रश्न आहे. साधा गिरणीमालकही यंत्राची झीज हिशेबात धरतो आणि ते बदलण्यासाठी दरसाल काही रक्कम बाजूला ठेवतो. सार्वजनिक संपत्तीच्या बाबतीत मात्र बांधकामाचा खर्च तेवढा आपल्या डोळ्यांत भरतो. नव्या प्रकल्पाची कोनशिला बसते, उद्घाटन होते. अस्तर दुरुस्त केल्याचा समारंभ कोणी करीत नाही. परंतु न केलेली दुरुस्ती फुकट नसते. ते एक कर्जच असते आणि त्याचे व्याज गळतीच्या रूपाने चालू राहते.

हे व्याज सर्वांना सारखे पडत नाही. कपात 15 टक्के सर्वांनाच; पण ज्या इमारतीला मोठी टाकी व पंप आहे, तिला ती क्वचितच जाणवते. वेळ पडल्यास टँकरही मागविता येतो. ज्या चाळीत तासाभराच्या नळावर दिवस काढावयाचा असतो, तेथे एखादी पंधरा मिनिटे कमी झाली की घरातील बाईला दोन हंडे कमी मिळतात. तानसा जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्यालगतची जी कुटुंबे उठविण्यात आली, त्यांतील अनेकांना माहुलला पाठविले गेले. तेथील प्रदूषणाविरुद्ध त्यांना न्यायालयात जावे लागले. जलवाहिनी जपणे आवश्यकच होते. परंतु तिचा सारा भार त्याच कुटुंबांनी वाहावा, हे न्याय्य कसे ठरते?

तेव्हा तीन गोष्टींचा आग्रह धरावा लागेल. पाणीपट्टीतील ठराविक हिस्सा केवळ दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि तो अन्यत्र वळविण्यास बंदी असावी. पर्यायी जलमार्ग चैन न समजता दुरुस्तीच्या खर्चाचाच भाग मानावा. आणि बोगदा ज्या हद्दीतून जातो, तेथे त्याची रेषा पाहिल्यावाचून कूपनलिकेस परवानगी मिळू नये. त्या वस्तीचे नुकसान झाल्यास भरपाई पाणी घेणाऱ्या शहराने द्यावी.

यासाठी पाणीपट्टी थोडी वाढेल. ती वाढ कोणालाच प्रिय होणार नाही, मध्यमवर्गाला तर नाहीच. परंतु विहार तलावाचे काम 1860 साली आणि तानसाचे 1892 साली ज्यांनी पुरे केले, त्यांच्या पश्चात अनेक पिढ्या ते पाणी पीत आल्या. वारशाने मिळालेली वास्तू निदान शाकारून पुढच्या पिढीच्या हाती द्यावी, एवढी जबाबदारी आपल्यावर येतेच.