खोली भाड्याने देणे आहे

‘खोली भाड्याने देणे आहे.’ अशी पाटी तुम्ही रस्त्याने जाताना पाहिली असेल. कधी ती पुठ्ठ्यावर लिहिलेली असते, तर कधी दारावरच खडूने. काही पाट्या आठ दिवसांत उतरतात. काही मात्र अक्षरे पुसट होईपर्यंत तशाच लटकत राहतात. दोन्ही घरे एकाच गल्लीत असतात. खोल्याही सारख्याच असतात. मग असे का होते?

हे समजून घ्यायला आपण कोल्हापूर शहराचे उदाहरण घेऊ. येथे शिवाजी विद्यापीठ आहे. ते १९६२ साली स्थापन झाले. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, राधानगरी अशा तालुक्यांतून मुलेमुली येथे शिकायला येतात. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत काम करणारे कामगार येतात. दवाखान्यांतील परिचारिका येतात. बदली होऊन आलेले शिक्षक आणि कारकून येतात. या सर्वांना डोक्यावर छप्पर हवे असते. जून-जुलै महिन्यांत खोली शोधणाऱ्यांची गर्दी विशेष असते.

राहायला जागा नाही म्हणून मुलांचे शिक्षण सुटते, हे राजर्षी शाहू महाराजांनी फार पूर्वी ओळखले होते. १९०१ साली त्यांच्या प्रयत्नाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकात ते तुम्हांला पाहायला मिळेल. निरनिराळ्या समाजांतील मुलांसाठी महाराजांनी अशी अनेक वसतिगृहे उभी केली. पण वसतिगृहात सर्वांना जागा मिळत नाही. उरलेल्यांची भिस्त कोणाच्या तरी माडीवरच्या खोलीवर असते.

समजा, मंगळवार पेठेत एका घराची माडी रिकामी आहे. दोन खोल्या, वर मंगलोरी कौले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. आता ती जागा भाड्याने दिली, तर घरफाळा आणि औषधपाणी सुटेल, असे घरातल्या आजींना वाटते. त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे कामाला मे महिन्यातच हात घालावा. कोल्हापुरात पाऊस जोराचा असतो. एकदा तो सुरू झाला, की चुना वाळत नाही आणि कौलांवर चढताही येत नाही. म्हणून आधी फुटकी कौले बदलून घ्यावीत. ओल कोठून येते ते शोधावे आणि मगच भिंतींना रंग द्यावा. पुष्कळ लोक उलटे करतात. ओलीवर महाग रंग फासतात. पहिल्या पावसात पोपडे निघतात, आणि खोली पाहायला आलेला माणूस नेमका तेथेच बोट ठेवतो! साधी पांढरी सफेदी पुरते. तिने खोली उजळ आणि मोठी दिसते.

मग बाकीची कामे पाहावीत. गळका नळ, तुंबणारी मोरी, नीट न लागणारी कडी, सैल झालेले विजेचे बटण. ही कामे थोड्या खर्चात होतात. पण पाहणाऱ्याच्या मनात शंका येते ती अशाच गोष्टींनी. जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे खोलीत ठेवू नयेत. सामानाने भरलेली खोली ‘रिकामी आहे’ असे कोणी कसे मानावे?

खोली कोणाला हवी असेल, याचाही विचार करावा. विद्यार्थ्याला खिडकीजवळ टेबल आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायला दोरी लागते. रात्रपाळी करून येणाऱ्या परिचारिकेला जिन्यात दिवा हवा असतो. कुटुंबाला स्वयंपाकाचा ओटा आणि पाण्याची टाकी हवी असते. जिन्यातला एक दिवा भारी रंगापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असे मला वाटते.

आता भाड्याचा प्रश्न. शेजारच्या चार घरांत काय भाडे चालते, ते आधी विचारावे. मात्र नुसता आकडा विचारून भागत नाही. त्यात वीजबिल धरले आहे का? पाणीपट्टी कोण भरते? अनामत रक्कम किती? हे कळल्याशिवाय दोन घरांची तुलना होत नाही.

समजा, अशा माडीला गल्लीत महिना ६,००० रुपये मिळतात. आजींच्या मनात ६,५०० आहेत. त्या अडून बसल्या आणि माडी दोन महिने रिकामी राहिली, तर काय होईल? अकरा महिन्यांतले नऊच महिने भाडे मिळेल. ६,५०० गुणिले ९ म्हणजे ५८,५०० रुपये. पहिल्याच महिन्यात ६,००० ला माडी दिली असती, तर ११ महिन्यांचे ६६,००० रुपये झाले असते. पाचशे रुपयांच्या मोहात ७,५०० रुपये गेले. हा हिशोब कागदावर मांडून पाहिला, म्हणजे भाडे ठरवणे सोपे जाते. पंधरा दिवस झाले, लोक पाहून जातात, पण कोणी परत येत नाही. असे झाले तर भाडे जास्त आहे किंवा खोलीत काही खोट आहे, असे समजावे.

काही घरमालक भाड्याचे बोलण्याआधी आडनाव विचारतात, आणि ते ऐकून ‘खोली कालच गेली’ असे सांगतात. पाटी मात्र दारावर तशीच असते. समोरच्या माणसाला ते कळतेच. त्याचा अपमान होतो, आणि वेळेवर भाडे देणारा चांगला भाडेकरूही हातचा जातो. विचारायचे ते वेगळेच आहे. काम काय करता? राहणार किती जण? आधी कोठे राहत होता? जुन्या घरमालकाला भेटून चौकशी केली, तर आडनावापेक्षा कितीतरी जास्त कळते.

भाडेकरूही प्रश्न विचारतो. कोल्हापुरात एक प्रश्न हमखास येतो.

“आजी, पुराचं पाणी इथपर्यंत येतं का?”

पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर आले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा देतात. ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. नदीकाठच्या आणि जयंती नाल्याजवळच्या काही गल्ल्यांत त्या वर्षी घरांत पाणी शिरले होते. आपले घर अशा गल्लीत असेल, तर पाणी भिंतीवर कोठपर्यंत चढले होते, ते हात लावून दाखवावे आणि भाडे त्या मानाने कमी सांगावे. ही गोष्ट लपवली, तर भाडेकरूचे धान्य, पुस्तके, कागदपत्रे पाण्यात जातात. आधी माहीत असेल, तर तो इशारा मिळताच सामान वर हलवू शकतो.

भाडे ठरले, तरी काम संपत नाही. जुन्या काळी १९४७ चा भाडे कायदा होता. भाडे फारसे वाढवता येत नसे, भाडेकरूला उठवणेही कठीण असे. त्यामुळे कित्येक मालक घराला कुलूप लावणे पसंत करत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. या कायद्यानुसार भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ती करून घेणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या असल्यास तसे सिद्ध करण्याचे काम मालकावर येते. ‘ओळखीचा मुलगा आहे, कागद कशाला?’ असे म्हणणाऱ्या आजींनी हे ध्यानात घ्यावे.

करारात भाडे, अनामत रक्कम, मुदत आणि खोली सोडण्यापूर्वी किती दिवस आधी सांगायचे, हे स्पष्ट लिहावे. पंखे किती, दिवे किती, किल्ल्या किती, याची यादी जोडावी. विजेच्या मीटरचा त्या दिवशीचा आकडा दोघांनी मिळून पाहावा, तो कागदावर लिहून खाली सह्या कराव्यात, आणि मग माडीची किल्ली भाडेकरूच्या हातात द्यावी.