शंभरचा प्लॅन, वीसचा वेग

“दादा, शंभरचा प्लॅन घेतलाय, मग मोबाइलवर वीसच का दाखवतोय?” कराड आणि आसपासच्या गावांत घरोघरी फायबर जोडण्याचं माझं काम, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. विचारणाऱ्याला वाटतं, आपल्याला फसवलं. कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा शंभर दारापर्यंत नीट आलेले असतात आणि दारापासून सोफ्यापर्यंतच्या पंधरा फुटांत ऐंशी गळून जातात. ‘नेट’ म्हणून आपण जे एकच धरतो, त्याचे चार-पाच वेगवेगळे टप्पे असतात. बिघाड कोणत्या टप्प्यात आहे हे घरातल्या माणसालाही ओळखता येतं, आणि ते यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी शंभर म्हणजे काय ते. एमबीपीएस हे सेकंदाला किती मेगाबिट येतात त्याचं माप. फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे शंभरच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. एक जीबीचा सिनेमा उतरायला किमान ८० सेकंद. यात लबाडी नाही, पण प्लॅन विकताना हे सांगितलं पाहिजे.

राउटरमधून वायफायच्या लहरी साधारणपणे दोन पट्ट्यांत निघतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, चालू असलेला मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्टीत. ५ची पट्टी वेगवान, पण भिंत आडवी आली की ती लवकर थकते. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीपलीकडे तर तिची आशाच सोडायची. वीस दाखवणारा मोबाइल बहुधा २.४ वर असतो. त्यात लोक राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात ठेवतात, आणि धातू या लहरी परतवून लावतो. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा. खात्री करायची तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासा. केबलवर शंभरच्या जवळपास आकडा आला, तर लाइन ठीक आहे.

माझा जीव मात्र फायबरमध्ये. १२५ मायक्रॉन जाडीची काच, आणि तिच्या आत जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून प्रकाश धावतो. घरोघरी येणाऱ्या बऱ्याच लाइन जीपॉन पद्धतीच्या असतात. एक काच निघते आणि वाटेतल्या स्प्लिटरमध्ये तिचा प्रकाश ८, १६, ३२ घरांत वाटला जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही. प्रकाश डीबीएममध्ये मोजतात: ३ डीबी घटले म्हणजे प्रकाश निम्मा, १० घटले म्हणजे दहावा हिस्सा. घरात मीटर लावला की उणे २० च्या आसपास आकडा दिसतो. उणे २० म्हणजे एका मिलिवॉटचा शंभरावा भाग! एवढ्याशा प्रकाशावर अख्ख्या घराचे व्हिडिओ चालतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. उणे २७ च्या खाली गेलं की घरातला डबा, म्हणजे फायबर ज्याला येऊन जोडते तो, चाचपडायला लागतो.

म्हणून जोडाला इतकं जपायचं. दोन्ही टोकं क्लीव्हरने सरळ कापायची, पुसायची, स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर आणायची. विजेच्या ठिणगीने काच वितळून एक होते. चांगल्या जोडात ०.०५ डीबीसुद्धा जात नाहीत. आणि मग कुणीतरी कपाट भिंतीला टेकवताना तीच वायर काटकोनात दुमडतं, अन् त्या वळणातून प्रकाश बाहेर सांडतो. डब्यावर ‘एलओएस’ची लाल लाइट लागली, म्हणजे प्रकाश पोचतच नाही. मग डबा कितीदाही बंद-चालू करा, उपयोग नाही. आणि सुटलेल्या फायबरच्या टोकात कधीच डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

गेम खेळणारी पोरं वेगापेक्षा पिंग बघतात, ते बरोबरच आहे. संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. समुद्राखालची केबल वळसे घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. शंभरचा प्लॅन पाचशेचा केला म्हणून हे अंतर कमी होत नाही.

दुकानातला सीसीटीव्ही घरून बघू पाहणाऱ्यांची अडचण वेगळी. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच, म्हणून बऱ्याच कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. अशा पत्त्यावर बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचता येत नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी मागून घ्यावा लागतो.

आणि कधी कधी दोष आपल्या गावात नसतोच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सहा-एक तास बंद होतं. कंपनीच्या जाळ्याकडे जाणारे रस्ते बाकीच्या इंटरनेटला दाखवणारी बीजीपीतली नोंद तिच्याच एका चुकीच्या आदेशानंतर गायब झाली. नावावरून पत्ता सांगणारे तिचे डीएनएस सर्व्हरही मग कुणाला सापडेनात. बाकी नेट जगभर चालू होतं.

फोन करताना म्हणून नुसतं “नेट चालत नाही” म्हणू नका. डब्यावर लाल लाइट आहे का, केबलवर वेग किती येतो, एकच ॲप अडलंय की सगळीच, एवढं सांगा. लाल लाइट म्हणालात, तर मी स्प्लायसिंग मशीन गाडीला लावूनच निघतो.