हेडफोन घ्यायचा, पण कोणता?

दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असली की तिथला आवाज कोणा एकाचा राहत नाही, तो सगळ्यांचा होतो. रात्रपाळी करून आलेले वडील दुपारी झोपलेले, बारावीची मुलगी भिंतीला टेकून वाचत बसलेली, गॅसवर कुकर, आणि धाकटे चिरंजीव मोबाईलवर लढाई जिंकण्यात दंग. "आवाज कमी कर!" हे वाक्य आपल्या घरांत दिवसातून किती वेळा उच्चारले जाते ते मोजायला नको. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिकत होते, तेव्हा सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवीत आणि मध्यरात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. त्या गर्दीच्या खोलीत शांतता तेवढ्याच वेळी मिळे. आपल्या खोल्या आजही फारशा मोठ्या झालेल्या नाहीत. त्यांत आवाज करणारी यंत्रे मात्र वाढली.

म्हणून मुलाने हेडफोन मागितला की आईवडिलांनी लगेच "ही चैन आहे" म्हणून उडवून लावू नये, असे आम्हाला वाटते. एका खोलीच्या घरात चांगला हेडफोन म्हणजे सहज हलवता येणारी भिंतच. पण तीन-चार दिवसांची मजुरी त्यात जायची असते, आणि चुकीचा हेडफोन घेतला तर पैशांबरोबर कानही जातात. तेव्हा घेण्यापूर्वी थोडे समजून घेऊ.

हेडफोनचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाच्या वाटीला मागून जाळी असते. त्याला 'ओपन बॅक' म्हणतात. त्यातला आवाज मोकळा, हवेशीर वाटतो, पण तो बाहेरही तितकाच सांडतो आणि बाहेरचा आत येतो. ज्याला स्वतंत्र, शांत खोली आहे त्याने तो घ्यावा. दुसऱ्याची वाटी मागून पूर्ण बंद असते. तो 'क्लोज्ड बॅक', म्हणजे बंद पाठीचा. शेजारी झोपलेल्या माणसाला गोळीबार ऐकू जाऊ नये आणि ऐकणाऱ्याला शेजारचा टीव्ही ऐकू येऊ नये, हे काम यानेच होते. विहाराच्या अभ्यासिकेत बसून कोणी व्याख्यान ऐकणार असेल तर तिथेही हाच हवा. त्यातही वाटी कानावर नुसती टेकणारी नको, कान पूर्ण आत घेणारी हवी. कानावर दाबून बसणारा हेडफोन स्वस्त मिळतो, पण अर्ध्या तासात कानाची पाळी दुखू लागते आणि आवाजही बाहेर झिरपतो.

मात्र बंद पाठीचा म्हणजे जादूचा नव्हे. मुलांचा आरडाओरडा, भांड्यांचा खणखणाट असे बारीक, तीक्ष्ण आवाज तो बऱ्यापैकी अडवतो. पंख्याची घरघर, मिक्सर, लोकलचा धडधडाट हे जाड आवाज त्यातून आत येतातच. शिवाय कान झाकले की घाम येतो. मुंबईच्या मे महिन्यात तासाभराने वाटी काढून कान पुसावे लागतात, याला इलाज नाही.

कानांविषयी मात्र जरा सविस्तर लिहिलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी, की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो; लहान मुलांसाठी ती मर्यादा ७५ डेसिबल आहे. आता यातला हिशेब लक्षात घ्या. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऐकण्याचा वेळ निम्मा करावा लागतो. त्यामुळे ८० चे ९० झाले की ४० तासांचे फक्त ४ तास उरतात, तेही सबंध आठवड्याचे. रोज तीन तास मोठ्या आवाजात खेळणाऱ्या मुलाचा कोटा मंगळवारी संध्याकाळपर्यंतच संपला. २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाने १४ अभ्यासांचा आढावा छापला. त्यांत ५० हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. गेम खेळणाऱ्यांच्या कानांवर पडणारा आवाज अनेकदा सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा तिच्याही वर जातो, असे त्यात दिसून आले.

कानाच्या आत केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. नुकसान हळूहळू होते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. खेळ संपल्यावर कानात 'गुंऽऽ' असा आवाज राहिला, किंवा आईची हाक थोडा वेळ दबून आल्यासारखी वाटली, तर तो इशारा समजावा. आपली कितीतरी मुले पोलीस भरती, लष्कर, रेल्वे यांची तयारी करीत असतात. धावणे, उंची, छाती सगळे जमवून आणल्यावर वैद्यकीय तपासणीत कान आडवे आले तर कोणाला दोष देणार? (जयंतीला डीजेच्या भिंतीसमोर रात्रभर उभे राहणाऱ्यांनीही हा परिच्छेद दुसऱ्यांदा वाचायला हरकत नाही.)

इथेच बंद पाठीच्या हेडफोनचा खरा उपयोग आहे. गोंगाटात माणूस आवाज वाढवतो कशासाठी? बाहेरचा आवाज झाकण्यासाठी. बाहेरचा आवाज वाटीनेच अडला तर कमी आवाजात काम भागते. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, असा सल्ला आरोग्य संघटना देते. बऱ्याच मोबाईलांत सेटिंगमध्ये आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते. हेडफोन घरात आल्याच्या दिवशीच ती वडिलधाऱ्यांनी मुलाला शेजारी बसवून लावून घ्यावी. पण जो हेडफोन कानाभोवती नीट बसत नाही, त्याची पाठ बंद असून काही उपयोग नाही. चष्म्याच्या काडीमुळे फट राहते, जाड वेणीमुळे राहते. म्हणून ज्याला वापरायचा आहे त्याला दुकानात बरोबर न्या. चष्मा लावून, डोके इकडेतिकडे हलवून, निदान दहा मिनिटे तो डोक्यावर ठेवा. फट असेल तर गाण्यातला घुमारा पातळ होतो. वाटी हाताने हलकेच दाबल्यावर तो एकदम वाढला तर समजावे की हेडफोन त्या डोक्यासाठी नाही. वजन अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅमच्या आत असावे. त्याहून जड हेडफोन रात्री मानेवर बसतो.

आता 'गेमिंग' या शब्दाविषयी. खोक्यावर हा शब्द आला, वाटीवर लाल-निळे दिवे आले की मुलांचे डोळे चमकतात. त्या दिव्यांचे पैसे आपणच देतो आणि खेळताना ते खेळणाऱ्याला दिसतही नाहीत. शत्रूच्या पावलांचा आवाज कोणत्या बाजूने आला ते ओळखणे, हे खेळात महत्त्वाचे. माणूस दिशा ओळखतो ती दोन कानांमुळे. डावीकडचा आवाज डाव्या कानात क्षणभर आधी आणि थोडा मोठा पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, तरी मेंदू तो टिपतो. त्यासाठी डावे-उजवे स्वच्छ वेगळे देणारा साधा स्टिरिओ हेडफोन पुरतो. स्वस्त हेडफोनवर '७.१ सराउंड' लिहिलेले असते तेव्हा आत सात-आठ स्पीकर नसतात. बहुतेक वेळा दोनच असतात आणि बाकीचे काम सॉफ्टवेअर करते. 'एक्स्ट्रा बास'चेही तसेच. ठोका इतका वाढवलेला असतो की पावलांचा बारीक आवाज त्यात बुडतो, आणि गाण्यातले शब्दही.

खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' असेही छापलेले असते. माणसाचा कान साधारण तेवढेच ऐकतो आणि हा आकडा शंभराच्या खोक्यावरही असतो, तेव्हा त्यावरून काही ठरवू नये. एक आकडा मात्र पाहावा: ओहम. ३२ ते ६४ ओहमचा हेडफोन मोबाईलवर नीट वाजतो. २५० ओहमचा कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, त्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

वायरचा की बिनवायरचा? आम्ही वायरच्या बाजूने आहोत. ब्लूटूथने आवाज पोहोचायला सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा उशीर लागू शकतो. गाण्यात तो कळत नाही. खेळात गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. शिवाय बिनवायरच्या हेडफोनची बॅटरी काही वर्षांत दम तोडते आणि ती बदलून देणारा सहज सापडत नाही. वायरच्या हेडफोनला बॅटरीच नाही. हल्लीच्या पुष्कळ मोबाईलांना गोल पिनचे भोकच नसते. त्यांना टाइप-सीचा कनेक्टर लागतो. तो दुकानातच मोबाईलला लावून, आवाज येतो हे पाहूनच घ्यावा, कारण प्रत्येक कनेक्टर प्रत्येक मोबाईलला चालत नाही. जुन्या संगणकाला हिरवे आणि गुलाबी अशी दोन भोके असतील तर माईकवाल्या हेडफोनसाठी दोन पिनांत फुटणारी छोटी वायर घ्यावी लागते.

नावे सांगायची तर ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचा एटीएच-एम२०एक्स हा आमच्या मते या कामाला चांगला. बंद पाठीचा, ४७ ओहम, वजन सुमारे १९० ग्रॅम. त्याला माईक नाही आणि तीन मीटरची वायर काढता येत नाही, हे दोन उणे. एकेजी या मूळच्या व्हिएन्नातील कंपनीचा के५२ त्याहून स्वस्त पडतो. ३२ ओहम, आणि पट्टी डोक्याच्या मापाने आपोआप बसते, म्हणून एकच हेडफोन घरात अनेकांनी वापरायचा असेल तर सोयीचा. माईक हवाच असेल तर हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर पाहावा. माईक वर केला की तो बंद होतो, ही सोय एका खोलीच्या घरात फार उपयोगी. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत चालत आलेला हेडफोन आहे, पण तो आपल्या खिशाच्या बाहेर जातो. किमती सेलप्रमाणे वरखाली होतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे. मोबाईलवर खेळणाऱ्याने माईक नाही म्हणून अडू नये. बिनमाईकचा हेडफोन लावला तरी बहुतेक मोबाईल बोलण्यासाठी स्वतःचा माईक वापरतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, नागपुरात सीताबर्डी, इथे हिंडून पाहता येते. पण नामांकित कंपनीचा माल निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो डुप्लिकेट समजावा आणि पुढे चालू लागावे. बिल मागून घ्यावे. बिल नसेल तर वॉरंटी कार्डाचा कागद शेगडी पेटवायच्या कामाचा.

परीक्षेसाठी दुकानदाराचे गाणे नको, आपले पाठ असलेले गाणे न्या. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचे एखादे जुने ध्वनिमुद्रण उत्तम. ढोलकीचा बारीक टणत्कार आणि तिचा घुमारा वेगवेगळे ऐकू येतात का? कोरस आला की मुख्य आवाज दबतो का? पेटी कर्कश लागते का? वामनदादांच्या रचनेतला प्रत्येक शब्द कमी आवाजातही स्पष्ट कळला पाहिजे. जिथे शब्द कळतो तिथे खेळातली पावलेही कळतात. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. संगीताला कान देणे आपल्याकडे कधी रिकामटेकडेपणाचे मानलेले नाही, म्हणून गाण्याकडे दुय्यम म्हणून पाहू नये.

घरात हेडफोन एकच येणार, तेव्हा तो कोणाचा हेही आधीच ठरलेले बरे. पैसे खर्चतात ते मुलाच्या हट्टावर आणि मुलगी ऑनलाईन तासिका मोबाईलच्या फुटक्या स्पीकरवर ऐकते, असे आपल्या वस्त्यांतही दिसते. आमचा क्रम असा: अभ्यास असेल तेव्हा तिचा, मग त्याचा खेळ, आणि रविवारी सकाळी विहारातून आल्यावर आजोबांचा. हेडफोन लावून रस्ता किंवा रूळ ओलांडायचे नाहीत, आणि घरात एकटे असताना गॅसवर काही ठेवून तो लावायचा नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाकावे.

बिघाड होतो तो बहुधा पिनेपाशी. वायर हाताभोवती करकचून गुंडाळल्याने आतली तार तुटते आणि एका कानाचा आवाज जातो. सैल वेटोळे करून खिळ्याला टांगावी. पिन तुटलीच तर वस्तीतला मोबाईल दुरुस्त करणारा नवी पिन डाग देऊन बसवतो. सगळा हेडफोन फेकायचे कारण नाही. गादीचे रेक्झिन दीड-दोन वर्षांत सोलते, म्हणून सुट्या गाद्या मिळतात का ते घेतानाच विचारावे. गाद्या आठवड्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसाव्यात. कोणाचा कान वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत त्याने हेडफोन लावू नये, आणि त्याने लावलेला असेल तर गाद्या स्वच्छ केल्याशिवाय दुसऱ्याने घेऊ नये.