टेकडी फळीवर उतरवताना

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे पर्जन्यछायेतले गाव. १९७५ नंतर तेथे पाणलोटाची कामे झाली. उतारावर समतल चर खणले गेले, ओढ्यांवर नालाबांध आले. समतल चराचे मर्म एवढेच, की त्याची सारी लांबी एकाच उंचीवर असते. म्हणून पाणी धावत सुटत नाही, थबकते आणि मुरते. भूगोलाच्या पुस्तकातील समोच्च रेषा ती हीच!

अशा टेकडीची प्रतिकृती लाकडात कोरायची झाली तर? संगणकाच्या आज्ञेने कटर फिरवणारे सीएनसी यंत्र हे काम करते. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात, २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. संगणकावरील आकृतीवरून वस्तू घडवण्याची कार्यशाळा म्हणजे फॅब लॅब. पण नवशिक्याची खरी अडचण यंत्रापाशी येत नाही. ती त्याआधी, नकाशाची फाईल कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना येते.

नकाशाचा फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. आपल्या डोळ्यांना त्यात रेषा दिसते, यंत्राला दिसत नाही. त्याला बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र हवेत. डीएक्सएफ किंवा एसव्हीजी प्रकारच्या फाईलमध्ये ते असतात. फोटोवरून रेषा आपोआप काढून घेण्याची सोय असते खरी. पण छापील रेषेलाही जाडी असते. संगणक तिच्या दोन्ही कडा गिरवतो आणि एका रेषेच्या दोन होतात. त्यापेक्षा माउसने रेषा स्वतः गिरवावी. वेळ जातो, पण टेकडीची ओळख होते.

आता माप. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. नकाशा पाचपट मोठा केला, की प्रमाण १:१०,००० होते, आणि २० मीटर म्हणजे फळीवर बरोबर २ मिलिमीटर. हिशेब सुटसुटीत आहे. मात्र पुष्कळ डीएक्सएफ फायलींत नुसते आकडे असतात, एकक नसते. तुमची ३०० मिलिमीटरची फळी सॉफ्टवेअरने ३०० इंच समजली, तर ती ७ मीटर ६२ सेंटिमीटरची होईल! फाईल आत येताच एक ओळखीची लांबी मोजून पाहावी.

यानंतरची चूक सर्वांत फसवी आहे. बांधाला बोटभर खिंडार पडले, तरी पाणी अडत नाही. तसेच रेषेची दोन टोके केसभर सुटली, तर सॉफ्टवेअरला ‘आत’ कोणते आणि ‘बाहेर’ कोणते, हे कळत नाही आणि त्या भागाचे कोरीवकाम ते नाकारते. टोके जुळवण्याची आज्ञा असते, ती वापरावी. नकाशाच्या कडेशी तुटलेल्या रेषा मात्र फळीच्या कडेने आपणच बंद करायच्या, आणि त्या सखल बाजूने. कारण कोरून काढायचा भाग सखलाचा. उलट बाजूने बंद केल्या, तर टेकडीच्या जागी खड्डा तयार होईल. फाईलमधील सपाट रेषेला स्वतःची उंची ठाऊक नसते. शिखराला शून्य धरून प्रत्येक रेषेची खोली आपणच लिहायची.

कटरचा व्यासही विसरू नये. ३ मिलिमीटरचा कटर या प्रमाणात जमिनीवरच्या ३० मीटरएवढा आहे. त्याहून अरुंद घळ त्याला कोरताच येणार नाही. अरुंद ओढा शेवटी निळ्या रंगानेच दाखवावा लागेल.

पडद्यावर कटरची वाट पाहून झाली, की पहिला प्रयोग टाकाऊ लाकडावर करावा. खोक्याची फळी असेल तर तिच्यातले खिळे आधी काढा. यंत्र चालू असताना शिक्षक जवळ हवेत, आणि डोळ्यांवर चष्मा.