परतीची शिदोरी

मोटारीस आज रस्ता दाखविणारा उपग्रह मूळचा सेनेचा. अमेरिकेच्या 'जीपीएस' मालिकेंतील उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसांतून जवळजवळ दोन फेऱ्या घालतात. त्यांत अणुघड्याळें असतात. त्यांची वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानें चुकली, तरी अंतराचा हिशेब तीनशें मीटरांनीं चुकतो. असा बहुमोल ऐवज वर पोंचविणारा अग्निबाण मात्र एकदां वापरून समुद्रांत सोडून देण्याची जुनी रीत होती.

स्पेसएक्स कंपनीच्या 'फाल्कन ९' अग्निबाणानें ती मोडली. त्याच्या खालच्या टप्प्यास नऊ इंजिनें असतात. रॉकेल जातीचें इंधन आणि द्रवरूप प्राणवायु यांवर तीं चालतात. उड्डाणानंतर सुमारें अडीच मिनिटांनीं हा टप्पा सुटतो. वरचा पुढें जातो, आणि खालचा समुद्रांतील निर्मनुष्य तराफ्यावर येऊन उभा राहतो. परंतु उतरावयाचें, तर इंधन शिल्लक ठेवलें पाहिजे. वाटसरूनें परतीची शिदोरी पाठीशीं बांधली, कीं बाकीच्या ओझ्यास तेवढी ताकद कमी उरते, तसेंच हें.

२३ डिसेंबर २०१८ रोजीं केप कॅनव्हरल येथून तिसऱ्या पिढीचा पहिला उपग्रह निघाला, तेव्हां विमानदलानें ही शिदोरी बांधूं दिली नाहीं. नव्या उपग्रहास इंधन कमी पडूं नये, म्हणून टप्प्यास उतरण्याचे पायहि लावले नव्हते. तो सागरार्पण झाला. ३० जून २०२० रोजीं तिसऱ्या उपग्रहाच्या वेळीं मात्र परतण्यास मोकळीक मिळाली, व टप्पा सुखरूप उतरला.

आतां खरी मौज. २ ऑक्टोबर २०२० रोजीं चौथा उपग्रह कोऱ्या करकरीत बाणावर सिद्ध होता. उड्डाणास दोन सेकंद उरले असतां गणकयंत्रांनीं सारें थांबविलें. दोन इंजिनें वेळेआधींच पेटूं पाहत होतीं. शोध घेतां एका झडपेचें बारीक छिद्र वाळलेल्या रोगणानें बुजलेलें आढळलें! धातूवर प्रक्रिया करतांना लावलेलें तें रोगण धुऊन काढावयाचें राहून गेलें होतें. कोरें म्हणून बिनधोक, हा आपला समज. पण कोरें मडकेंहि वाजवूनच घ्यावें लागतें.

तीं दोन इंजिनें बदलून तो बाण ५ नोव्हेंबरला उडाला, आणि त्याचा खालचा टप्पा परतहि आला. मग १७ जून २०२१ रोजीं पांचवा उपग्रह याच टप्प्यावर चढविला गेला. सेनेचा असा उपग्रह वापरलेल्या टप्प्यावरून पाठविण्याचा तो पहिलाच प्रसंग. पांचव्या व सहाव्या उड्डाणांस जुने टप्पे चालतील, एवढ्या संमतीनें सरकारचे पांच कोटींहून अधिक डॉलर वांचले.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत चार माणसें याच टप्प्याच्या बळावर अंतराळांत गेलीं. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें, तेविसाव्या फेरीनंतर उतरतांना, तो तराफ्यावर कलंडला.