जर्मनच्या पातेल्यावरील फिर्याद

जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात रांधलेल्या अन्नाने उतारवयात स्मृतिभ्रंश होतो, हा समज आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतका दृढमूल झालेला आहे की, आजोबा नुकताच घेतलेला चहा विसरून पुन्हा चहा मागू लागले, म्हणजे पहिला संशय माळ्यावर चढवलेल्या त्या बिचाऱ्या भांड्यावर जातो. ही फिर्याद निव्वळ कपोलकल्पित होती, असे मात्र नव्हे. लोह, तांबे, जस्त यांप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमची नोंद शरीरास आवश्यक अशा खनिजांच्या दप्तरात नाही. शिवाय 1965 साली क्लात्झो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सशांच्या मेंदूत त्याचे क्षार टोचले, तेव्हा मज्जापेशींत तंतूंची गुंतवळ झालेली दिसली, आणि 1976 साली आल्फ्री यांनी डायालिसिसवर जगणाऱ्या रुग्णांच्या एका भीषण मेंदूविकाराचा संबंध याच धातूशी जोडला.

परंतु पुढील तपासात फिर्यादीचे एकेक कलम गळत गेले. सशाच्या पेशींतील तंतू आणि अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या विकाराने ग्रासलेल्या रोग्याच्या पेशींतील तंतू वरकरणी सारखे, पण त्यांची प्रथिने निराळी ठरली. डायालिसिसच्या रुग्णांत धातू यंत्राच्या पाण्यावाटे थेट रक्तात उतरत होता आणि त्याला बाहेर घालवणारी मूत्रपिंडेच निकामी होती. निरोगी माणसाच्या आतड्यातून अन्नातील अ‍ॅल्युमिनियमचा शेकडा एक अंशही रक्तात शिरत नाही. 1992 साली ऑक्सफर्ड येथे प्रोटॉनच्या झोताने परीक्षण झाले, तेव्हा रंगद्रव्ये न लावलेल्या मेंदूतील रोगट ठिपक्यांच्या गाभ्यात हा धातू सापडलाच नाही, आणि पूर्वी सापडलेला परीक्षकांच्याच रसायनांतून आला असावा, असे दिसू लागले. म्हणजे मुद्देमाल खुद्द पंचांच्या खिशातून निघावा, तसला प्रकार! चिंच-आमसुलाची आमटी रात्रभर त्या पातेल्यात ठेवू नये, एवढी खबरदारी मात्र रास्त आहे.

जर्मनला हद्दपार करून जे तांब्याच्या पाण्याकडे वळले, त्यांचा गैरसमज याच्या उलट टोकाचा. प्रौढ शरीरात सुमारे 100 मिलिग्रॅम तांबे असते आणि ते आवश्यकही आहे. तथापि ज्यांचे यकृत जन्मतःच तांबे पित्तावाटे टाकू शकत नाही, त्यांच्या मेंदूत ते साचून हातपाय थरथरतात, वाचा अडखळते, बुद्धी मंदावते आणि बुबुळाच्या कडेस तपकिरी-हिरवे वलय उमटते. किनियर विल्सन यांनी 1912 साली वर्णिलेला हा विकार तरुणपणीच गाठतो व वेळीच ओळखल्यास औषधाने आटोक्यात राहतो. कल्हई न केलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या दुधातून तान्ह्या मुलांच्या यकृतास होणाऱ्या अपायाकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्या ब्रिटिश सहकाऱ्यांसह 1983 साली लक्ष वेधले होते. तो विकार मेंदूचा नव्हे, पण कल्हईवाल्याची हाक का मोलाची होती, हे त्यावरून कळते.

राहिल्या औषधाच्या दुकानातील ‘मेंदूच्या’ गोळ्या. सेलेनियम घेतल्याने स्मृतिभ्रंश टळत नाही, हे हजारो वृद्ध पुरुषांच्या दीर्घ पाहणीचे फलित 2017 साली प्रसिद्ध झाले. वृद्धांच्या मेंदूत लोह साठते, म्हणून ते औषधाने काढून घ्यावे, हा तर्कही बिनतोड वाटत होता. पण 2024 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोह काढणारे औषध घेतलेल्या रुग्णांची बुद्धी इतरांहून अधिक वेगाने खालावली.

या साऱ्या गदारोळात ज्या दोन खनिजांची उणीव खरोखर तपासावी, त्यांचे नाव क्वचितच निघते. आयोडिनाशिवाय थायरॉइड ग्रंथीचा रस बनत नाही, आणि तो कमी पडला, मग कारण कोणतेही असो, की माणूस सुस्त व विसराळू होतो. कोबाल्ट हा ब-12 जीवनसत्त्वाचा गाभा. ते कमी पडल्यास स्मृती ढासळते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि उपचार लवकर झाल्यास यातील पुष्कळसे भरूनही येते. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. त्यामुळे आयुष्यभर शाकाहारी राहिलेले, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणारे आजोबा चहा विसरू लागले, तर माळ्यावरचे पातेले उतरवण्याआधी त्यांच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.