झडतीची बंधने आणि त्यांचा भंग

पंचनामा हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की कोणाची जाहीर खरडपट्टी निघाली तरी त्याचा पंचनामा झाला असे आपण म्हणतो. मूळ पंचनामा मात्र नागरिकाच्या रक्षणासाठी आहे. पोलिसांनी घरात काय शोधले व काय नेले, हे पोलिसांखेरीज दोघा स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांनी पाहावे, एवढाच त्याचा हेतू. हे पंच पुष्कळदा पोलिसांच्या ओळखीचेच निघतात, ही गोष्ट वेगळी!

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या बंधनांत भर घातली. झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठविले पाहिजे. वॉरंटावाचून झडती घ्यावयाची तर कारणे आधी लिहून ठेवावीत आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत नजीकच्या दंडाधिकाऱ्याकडे जावी. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु अधिकाऱ्याने यांतले काहीच केले नाही, तर पुढे काय?

बहुधा काहीच नाही. झडती बेकायदा असली तरी तीत मिळालेला संबद्ध पुरावा तेवढ्याने त्याज्य ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली पूरणमल खटल्यात ठरविले. त्यासाठी आधार घेतला तो 1954 च्या एम. पी. शर्मा निकालाचा. खाजगीपणाचा हक्क नाकारणारा त्या निकालातील भाग नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरविला. पूरणमलचा नियम मात्र अद्याप कायम आहे.

अशा पुराव्याला मज्जाव केल्यास गुन्हेगार सुटतील, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती मागण्याचा हक्क संशयितास कळविला नसेल, तर त्या झडतीत मिळालेला अमली पदार्थ ताब्याचा पुरावा म्हणून चालणार नाही, असे याच न्यायालयाने 1999 साली बलदेवसिंग खटल्यात सांगितले. त्याने त्या कायद्याखालील खटले काही बंद पडले नाहीत.

पूर्वी जप्तीत फार तर वह्या आणि पत्रे जात. आज एका मोबाइलबरोबर घरातील सर्वांची पत्रे, छायाचित्रे, औषधोपचार आणि बँकेचे व्यवहार पोलीस चौकीत जातात. म्हणूनच, बंधने जाणूनबुजून मोडून मिळविलेला पुरावा नाकारण्याचा स्पष्ट अधिकार संसदेने न्यायाधीशास द्यावा, अशी आमची मागणी आहे.